डबाभर माती पाळणारे

जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या टपाल कार्यालयात पोलंडहून एक पार्सल आलं. पत्ता तामिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टईचा. कस्टमच्या लोकांना संशय आला म्हणून त्यांनी थर्माकोलचा खोका उघडला, तर आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या १०७ कुप्या. प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी. प्राणिशास्त्राच्या तज्ज्ञांना पाचारण झालं, त्यांनी कूळ-गोत्र पाहून हे अमेरिका खंडातले टॅरंट्युला असावेत असं सांगितलं. आयातीचा परवाना नव्हता, त्यामुळे पार्सल आल्या वाटेनं पोलंडला परत पाठवायचं ठरलं. मला या सगळ्यात कौतुक वाटलं ते कुप्या मोजणाऱ्या माणसाचं. १०७ हा आकडा कुणीतरी एकेक कुपी हातात घेऊन काढलेला आहे. आणि मोजून झाल्यावर ‘पंचनाम्यात घोळ नको, पुन्हा एकदा मोजा,’ असं लांबून सांगणारे एक साहेबही तिथं असणारच.

बरं, हा वेडेपणा एकट्या चेन्नईपुरता नाही. २०१९ मध्ये मनिलाच्या कस्टमनं पोलंडहूनच आलेले ओट्सचे आणि बिस्किटांचे खोके उघडले, तर त्यांत ७५७ टॅरंट्युला निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूतल्या लिमा विमानतळावर एका कोरियन प्रवाशाचं पोट जरा जास्तच सुटलेलं दिसलं. शर्ट वर करायला लावला तेव्हा कमरेच्या पट्ट्यांना बांधलेल्या पिशव्यांतून आणि डब्यांतून ३२० टॅरंट्युला, ११० गोमी आणि ९ बुलेट अँट बाहेर आले. बुलेट अँट ही एक मुंगी आहे. तिचा डंख बंदुकीच्या गोळीइतका लागतो म्हणतात, नाव त्यावरूनच. हा गृहस्थ हे सगळं पोटाशी बांधून फ्रान्समार्गे कोरियाला निघाला होता. म्हणजे अख्खा दिवस-रात्र विमानात, आणि मधूनमधून हवाई सुंदरीची गोड विनंती, की कृपया सीट बेल्ट घट्ट आवळून घ्या.

एवढी जिवावरची उठाठेव करावी असं त्या प्राण्यात आहे तरी काय, हा प्रश्न मला पेपर वाचून पडला असता आणि चहाबरोबर विरूनही गेला असता. पण आमच्या भाच्यानं तसं होऊ दिलं नाही.

भाचा बर्मिंगहॅमला नोकरी करतो. लहानपणी न्हाणीघरात पाल दिसली तर आंघोळ रद्द करणारा हा मुलगा. आता त्याच्या झोपायच्या खोलीत कपाटाच्या फळ्यांवर पारदर्शक प्लास्टिकचे डबे ओळीनं मांडलेले आहेत आणि त्यांत टॅरंट्युला राहतात. दोन विंचूही आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. घरमालकाच्या करारात कुत्रा पाळू नये, मांजर पाळू नये असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कोळ्याबद्दल एक अक्षर नाही. कोळी कुणी पाळतं हेच त्या बिचाऱ्याला सुचलं नसणार. सरकारचंही तसंच. ब्रिटनमध्ये धोकादायक वन्य प्राण्यांचा १९७६ चा कायदा आहे, त्यात जहाल जातीचे विंचू आणि काही विषारी कोळी पाळायला स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. टॅरंट्युलाला लागत नाही. कायद्याच्या नजरेत तो सशाच्या पंक्तीला बसतो.

एकदा व्हिडिओ कॉलवर मी त्याला म्हटलं, “अरे, नुसतं सांगतोस काय, दाखव तरी.”

त्यानं फोन एका डब्यासमोर धरला. डब्यात माती होती.

“कुठंय?”

“आत आहे, मामा. बिळात.”

“बाहेर कधी येतो?”

भाच्यानं जरा आठवून पाहिलं. “मार्चमध्ये आला होता.”

बिळात राहणाऱ्या या जातींना त्या मंडळींत गमतीनं ‘पेट होल’ म्हणतात, म्हणजे पाळीव बीळ. चांगले पैसे मोजून कोळी आणायचा, त्यानं आणल्या दिवशी जमिनीत शिरायचं, आणि मालकानं पुढची काही वर्षं भोकाकडे बघत काढायची. माती कोरडी पडली तर एका कोपऱ्यात पाणी घालायचं. डब्यावर चिठ्ठी लावायची : लॅटिन नाव, आणल्याची तारीख, शेवटचं जेवण, शेवटची कात. ती मातीही साधी नव्हे, ते कोकोपीट. आपल्याकडच्या आणि श्रीलंकेतल्या नारळाच्या सोडणांचा भुगा विटा थापून बोटीनं तिकडे जातो आणि कोळ्याच्या पायांखाली पडतो. कोकणात आम्ही सोडणं पाणी तापवायला जाळतो. त्यांची निर्यातक्षमता आमच्या लक्षात आली नाही हे खरं.

जे कोळी वर राहतात ते तरी काय करतात? काही नाही. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, भाच्यानंच अभिमानानं सांगितलं. टॅरंट्युला सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी असतो. दुसऱ्या दिवशी एक पाय इंचभर सरकलेला असतो, त्याचा फोटो निघतो. आठ डोळे आहेत, पण त्यांनी फारसं दिसत नाही. जगाची खबर त्याला अंगावरच्या केसांतून लागते, जमिनीच्या थरथरीतून आणि हवेच्या हालचालीतून. मालक समोर उभा राहिला काय आणि खुर्ची ठेवली काय, त्याच्या लेखी फरक नाही.

“तुला ओळखतो तरी का रे?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मी ओळखतो ना त्याला.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. पुण्यात सोसायटीच्या आवारात रोज सकाळी कुत्र्यांना फिरवणारी माणसं मी बघतो. कुत्रं शेपूट हलवतं, अंगावर उडी मारतं, पायात घोटाळतं, आणि मालक अभिमानानं इकडेतिकडे बघत असतो, की पाहा, माझ्यावर किती माया आहे याची. त्या सगळ्या कुत्रेवाल्यांना मायेची परतफेड हवी असते आणि ती रोज, वेळेवर हवी असते. भाच्याच्या पंथातल्या लोकांनी हा हिशेबच बंद केला आहे. यांचं प्रेम एकेरी, आणि त्याची त्यांना तक्रार नाही.

जेवणाचं बघा. मोठा टॅरंट्युला आठवड्याला एखादा किडा खातो, आणि कधी कधी तेही बंद करतो. चिली देशातली गुलाबी झाक असलेली एक जात यासाठी प्रसिद्ध आहे. तिनं मनात आणलं की सहा-आठ महिने, क्वचित वर्षभरसुद्धा, तोंडात काही घेत नाही आणि तब्येतीला काही होत नाही. नवा मालक पहिल्या महिन्यात घाबरतो, दुसऱ्या महिन्यात जाणकारांना फोन करतो, तिसऱ्या महिन्यात स्वतःचं जेवण सोडतो. जाणकार सांगतात, थांबा. या छंदात कुठल्याही प्रश्नाला बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

खाणारे कोळी मात्र जिवंत किडे खातात, आणि तिथून गोष्ट हाताबाहेर जाते. रातकिडे विकत मिळतात, पण ते ओरडतात, वास मारतात आणि दोन दिवसांत मरतात. म्हणून शहाणी माणसं झुरळं पाळतात. दक्षिण अमेरिकेतली डुबिया नावाची जाड, सुस्त जात. काचेवर चढत नाही, उडत नाही, पिल्लं भरपूर देते. अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या ट्रे एका मोठ्या डब्यात उभ्या करायच्या, उबदार ठेवायच्या आणि आत झुरळांचा संसार वाढवायचा. झुरळ जितकं सकस खाईल तितकं कोळ्याच्या अंगी लागतं, असा सिद्धान्त. त्यामुळे स्वतः आदल्या रात्रीचा थंड पिझ्झा खाणारा आमचा भाचा झुरळांसाठी गाजर किसतो आणि संत्र्याच्या फोडी सोलतो.

हे ताईला, म्हणजे त्याच्या आईला, कळलं तेव्हा ती तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाऊन पोचलेली होती. ताईचं सगळं आयुष्य स्वयंपाकघरात खडूच्या रेघा ओढण्यात गेलेलं. सिंकखाली, गॅसच्या ओट्यामागे, फडताळात, दर शनिवारी. त्या बाईला पोटच्या मुलानं विश्वासात घेऊन सांगितलं, “आई, त्या निळ्या डब्यातली झुरळं मुद्दाम आणलीयत. मारू नकोस.” तिनं मला रात्री फोन केला. पाचेक मिनिटं कुणीच बोललं नाही.

पण खरी परीक्षा पुढच्याच आठवड्यात आली. भाचा ऑफिसला गेलेला. ताई सहज खोलीत डोकावली, तर एक मोठी कोळीण आठही पाय वर करून पाठीवर पडलेली. ताईनं हात जोडले. वैर संपलं होतं. तिनं कागदाचा रुमाल घेतला, झाकणाला हात घातला, आणि मग पोराला एकदा विचारावं म्हणून फोन लावला. तो मीटिंगमधून ओरडला, “आई, हात लावू नकोस! ती कात टाकतेय!”

टॅरंट्युला पाठीवर पडला तर तो जिवंत आहे. पालथा बसून पाय पोटाखाली आवळून घेतले तर गेला. हा नियम या पंथात सगळ्यात आधी शिकवतात, कारण तो माहीत नसल्यामुळे कितीतरी जिवंत कोळ्यांचे अंत्यविधी झालेले असणार. याचं कारण साधं आहे. कोळ्याला पाय लांब करायला स्नायू पुरत नाहीत, तो अंगातल्या द्रवाच्या दाबानं पाय ताणतो. जीव गेला की दाब गेला, पाय आपोआप मिटतात. कात टाकताना मात्र तो स्वतःच रेशमाची सतरंजी विणतो, तिच्यावर उताणा होतो आणि कित्येक तास त्या जुन्या कातड्यातून एकेक पाय ओढून काढतो, हातमोजा काढावा तसा. सुळे, पोटातल्या काही भागाचं अस्तर, सगळं नवं. पाय तुटलेला असेल तर पुढच्या एक-दोन कातींत तोही परत उगवतो. या वेळी डब्यात चुकून एखादा रातकिडा राहिला तर तो या मऊ, असहाय कोळ्याला कुरतडून खाऊ शकतो. वर्षभर ज्याला खायचं तोच खायला बसतो.

ताईनं खुर्ची आणली आणि डब्यासमोर बसली. संध्याकाळी तिनं मला फोन केला, आवाज एकदम खाली आणून.

“हळू बोल. चार पाय सुटलेत. चार राहिलेत.”

“कुणाचे?”

“अरे, हिचे. किती त्रास होतोय रे तिला! आणि एवढं करून दहा दिवस तोंडात काही घालायचं नाही म्हणे. सुळे मऊ असतात.”

मला वाटतं ताईनं त्या रात्री डिंकाच्या लाडवांचाही विचार केला असावा. सुटलेली कात भाच्यानं चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरली. कातीच्या आतल्या बाजूला बारीक खूण असते तिच्यावरून नर की मादी ते कळतं. नर निघाला तर या लोकांचा चेहरा पडतो. मुलगी झाली म्हणून पेढे वाटणारी ही माझ्या पाहण्यातली पहिलीच जमात. त्याला कारण आयुष्याचं आहे. लाल गुडघ्यांचा जो प्रसिद्ध मेक्सिकन टॅरंट्युला आहे, त्याची मादी पंचवीस-तीस वर्षं जगते. नर वयात आला की साधारण वर्षा-दीड वर्षाचा सोबती. विशीत मादी घेतलेला मुलगा पन्नाशीला टेकतो, मध्ये लग्न होतं, घराचं कर्ज फिटतं, कोळीण डब्यात असतेच. ऑस्ट्रेलियात याच कुळाच्या दूरच्या नात्यातली एक बिळात राहणारी कोळीण होती, संशोधकांनी तिला ‘१६ नंबर’ म्हणून ओळखलं. बार्बरा यॉर्क मेन या शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ पासून तिच्यावर नजर ठेवली होती. २०१६ साली ती गेली तेव्हा ४३ वर्षांची होती, आणि तीही म्हातारपणानं नव्हे, एका गांधीलमाशीनं घात केला.

आता लग्नाचं. नर वयात आला की पुढच्या पायांवर आकडे येतात आणि तोंडाजवळचे दोन छोटे पाय टोकाशी फुगतात. मालक ओळखतो, मुलगा लग्नाचा झाला. मग स्थळ शोधायचं. ज्याच्याकडे मादी आहे त्याच्याकडे नर पाठवायचा आणि पिल्लं झाली की निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. हे लोक त्याला इंग्रजीत ‘ब्रीडिंग लोन’ म्हणतात. आमच्या गावाकडे शेत याच अटीवर देतात आणि त्याला अर्धेलीनं देणं म्हणतात. सगळा व्यवहार चोख असतो. अडचण एवढीच की नवरदेव परत येईल याची हमी नसते. तो बिचारा बिळाबाहेर थांबून पायांनी ताल धरतो, आतून उत्तर आलं तर पुढे सरकतो, आकड्यांनी तिचे सुळे अडवून धरतो, आणि काम झालं की पळतो. या वेळी दोन्ही पक्षांचे मालक हातात लांब चिमटे आणि रंगवायचे ब्रश घेऊन दोन्ही बाजूंना उभे. बैठकीत वधूपक्षाचा एवढा धाक मी आजवर ऐकलेला नव्हता. नर खाल्ला गेला तर मादीचा मालक दिलगिरी व्यक्त करतो आणि मनातून खूश होतो, कारण तिला आता चांगलं पोषण मिळालं.

इतका जपलेला कोळी हातात तरी घ्यावा की नाही, यावर या पंथात उभे दोन तट आहेत. हातावर घेणाऱ्यांचे फोटो छान येतात. न घेणारे सांगतात की तो दोन-तीन फुटांवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो, आणि त्याला तुमच्या हातात यायचं नसतं. मी न घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण माझी कारणं वेगळी आहेत.

चाव्यानं माणूस दगावल्याची खात्रीची नोंद टॅरंट्युलाच्या नावावर नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. अमेरिका खंडातले बरेच कोळी चावण्याआधी दुसरंच अस्त्र काढतात. मागच्या पायांनी पोटावरचे सूक्ष्म काटेरी केस घासून हवेत उडवतात. लीड्समधल्या एका तरुणाच्या डोळ्याची लाली तीन आठवडे औषधानं उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या भिंगातून पाहिलं तर बुबुळावर केसांची बारीक टोकं रुतलेली. मग त्याला आठवलं, की आपल्या चिलीच्या कोळ्याच्या डब्याची काच पुसत असताना मागे काहीतरी हललं, आपण वळून पाहिलं, आणि केसांचा फवारा तोंडावर आला. ते केस इतके बारीक की चिमट्यानंही निघेनात. ही हकिगत २०१० च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कोळ्याची काच पुसताना चष्मा घालावा, असा त्यातून घेण्याचा बोध. मी काच न पुसण्याचाच घेतला.

आशिया-आफ्रिकेतल्या टॅरंट्युलांकडे हे केस नसतात. ते सरळ चावतात. पूर्व आफ्रिकेतल्या एका नारिंगी जातीला तर पाळणारे लोकच ‘नारिंगी चावरं’ अशा अर्थाच्या नावानं हाक मारतात, आणि तरी घेतात. आपल्या आणि श्रीलंकेच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया हे त्यांच्यात सर्वांत देखणे आणि सर्वांत चपळ. तिकडे लाडानं त्यांना ‘पोकी’ म्हणतात. पोकी चावली तर स्नायूंत गोळे येतात आणि ते काही दिवस, कधी काही आठवडे, पुन्हा पुन्हा येत राहतात. भाच्याकडे एक पोकी आहे. मध्यंतरी तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, “आहे.”

“डब्यात?”

“घरात.”

विंचवांकडे नंतर येतो म्हणालो होतो. खरं सांगायचं तर विंचू पाळायची कल्पनाच मराठी माणसाच्या गळी उतरत नाही. एकनाथांनी विंचवावर भारूड रचलं ते लाड करण्यासाठी नव्हे. आमच्या कोकणात तांबडा विंचू ही थट्टेची गोष्ट कधीच नव्हती. दगडी गडग्यात, गवताच्या पेंढ्यात, चपलेत सापडणारा हा बोटभर प्राणी. तो डसला की घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी, आणि अंगारे-मंत्र करणारा येईपर्यंत पोर हातचं जायचं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा याच्यावर खात्रीचा इलाज नव्हता. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एका टक्क्याच्या आसपास आलं. हेही ‘लॅन्सेट’नंच छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे एकाच नियतकालिकात एकीकडे विंचवापासून माणूस वाचवणारा महाडचा डॉक्टर, आणि दुसरीकडे हौसेनं कोळी आणून डोळा लाल करून घेणारा लीड्सचा तरुण. जग मोठं आहे.

भाच्याचे विंचू मात्र त्या जातीचे नाहीत, ही माझ्या ताईनं देवाला सांगितलेली पहिली गोष्ट. ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे सम्राट विंचू. घाना, टोगो, बेनिन इकडचे. वीतभर लांब, काळेकुळकुळीत, आणि चिमटे असे दणकट की नांगी वापरायची पाळीच सहसा येत नाही. डंखही सौम्य. विंचूवाल्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे : चिमटे जाड आणि शेपूट बारीक, तर फार भ्यायचं कारण नाही, चिमटे नाजूक आणि शेपूट जाड, तर लांबून नमस्कार. ठोकताळा आहे, विमा नव्हे. आपला तांबडा विंचू दुसऱ्या गटातला.

सम्राटसुद्धा दिवसभर लाकडाच्या तुकड्याखाली बसून असतो. पण त्याच्याकडे एक करामत आहे, आणि पाहुणे आले की भाचा तीच दाखवतो. खोलीतला दिवा घालवायचा आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी डब्यावर मारायची. आतला काळा विंचू हिरवट-निळा उजळतो, नखशिखान्त. मेलेला विंचूही उजळतो, टाकलेली कातही उजळते. जगातले जवळजवळ सगळे विंचू असे चमकतात, कोकणातलेसुद्धा. म्हणजे आपले आजोबा ज्याला कंदिलाच्या उजेडात चाचपडत शोधत, तो या बॅटरीनं दुरूनच दिसला असता. विंचवीण अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि ती पांढरीशुभ्र पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर चढून बसतात. बिऱ्हाडाबद्दल आपले पूर्वज सांगून गेले ते जसंच्या तसं खरं आहे. फोटो पाहून ताई म्हणाली, “पोरं गोड आहेत हो.” नंतर स्वतःच दचकली.

वर्षातून एक दिवस विंचवाला अंगाखांद्यावर खेळवणारं एक गाव मात्र आपल्या शेजारी आहे. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात कंदकूर म्हणून. नागपंचमीला तिथले लोक डोंगरावर जाऊन दगडांखालचे विंचू उचलतात, हातावर, तोंडावर चढवतात, आणि सण झाला की सोडून घरी येतात. डबा नाही, झुरळं नाहीत. मला ही पद्धत जास्त पटते, लांबून.

आता या सगळ्यातली जी गोष्ट मला हसून सोडता येत नाही, ती सांगतो. आंध्रात अनंतपूरकडे गुटी नावाचं रेल्वे स्टेशन आहे. मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्यांच्या झोपेत ते येऊन जातं. तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक झगझगीत निळा कोळी सापडला आणि १८९९ साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन छापलं. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही, कारण तो गुटीचा नव्हताच. कुठल्या तरी जंगलातल्या ओंडक्याबरोबर विनातिकीट आला असावा. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. एवढासा जंगलाचा तुकडा, तोही लाकूडतोडीनं विरळ होत चाललेला. नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि हाच निळा कोळी, तिकडे वाढवलेल्या पिल्लांतून, बर्मिंगहॅमच्या मुलाला ऐपतीत मिळतो. भाच्याची घरात असलेली, पण डब्यात नसलेली पोकी ती हीच. पहिली जोडी कुणी, कधी, कशी नेली, त्याची पावती कुणाकडे नाही. पुढे २०१९ मध्ये या सगळ्या पोइसिलोथेरिया जातींना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात घातलं, तोवर निळ्याचे नातू-पणतू युरोपभर स्थायिक झालेले होते. बंदिस्त पैदाशीचा एवढा फायदा आहे की हौसेसाठी आता जंगल ओरबाडायचं कारण राहिलेलं नाही. कारण नसतानाही ओरबाडणारे असतातच.

आपल्याकडे तर कागदपत्रं मागणारा कायदाही आला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार ‘साइट्स’च्या यादीतला परदेशी प्राणी घरी असेल तर सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पुढचे जन्म, मृत्यू, हस्तांतरही कळवायचे. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी या यादीत आहे, सम्राट विंचूही आहे. नियम योग्यच आहे. मला फक्त त्या अर्जदाराचा चेहरा दिसतो, ज्याच्या कोळिणीच्या अंड्यांच्या एका पिशवीतून एका सकाळी काही शे पिल्लं बाहेर आली आणि त्यानं जन्मनोंदीचं पान उघडलं. त्यातली काही अर्ज भरून होईपर्यंत एकमेकांना खातील, मग मृत्यूची नोंद.

एवढं वाचूनही कुणाला हौस वाटलीच, तर बंदिस्त पैदाशीचा, कागदपत्रं असलेला जीवच घ्या, झाकण घट्ट लावा, आणि मादी असेल तर ती पुढची पंचवीस-तीस वर्षं राहणार आहे हे घरच्यांना आधी सांगा. आणि सह्याद्रीत भटकताना एखाद्या झाडाच्या ढोलीत केसाळ पाय दिसला, तर लांबून फोटो काढा, हात घालू नका, आणि ते झाड कुठलं हे फोटोखाली लिहू नका. तो पत्ता शोधणारी माणसं पोलंडपासून कोरियापर्यंत पसरलेली आहेत.